कापड तोलणारी काठी

(हीरकमहोत्सवी व्याख्यानाचे लेखरूप)



सव्वीस जानेवारीच्या सकाळी शाळेच्या पटांगणात शेकडो डोळे एकाच वेळी वर लागतात. दोरीला हिसका बसतो, गाठ सुटते, पाकळ्या गळतात आणि झेंडा उलगडतो. मुले झेंड्याकडे पाहतात, शिक्षक मुलांकडे पाहतात आणि काठीकडे कोणीच पाहत नाही. ती सरळ उभी आहे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते. आजच्या व्याख्यानाचा विषय ती काठी हाच आहे. कापड तोलून धरण्यासाठी केलेली लाकडाची लांब काठी. मग ती उभी असो वा आडवी, किल्ल्यावरची असो वा माजघरातली.

मराठी घराला ही वस्तू नवी नाही. चैत्र पाडव्याला वेळूच्या काठीवर रेशमी वस्त्र चढते आणि तिची गुढी होते. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या येतात. त्या इतक्या उंच असतात की एकट्या माणसाने तोलणे शक्य नसते. एकजण बुंधा सांभाळतो आणि चहूबाजूंनी दोऱ्या धरलेले गडी तिला सावरत नाचवत नेतात. आणि वर्षाचे बाराही महिने घरोघरी कपडे वाळत घालण्याची दांडी असते, जिचे कौतुक आजवर कोणत्याही कवीने केलेले ऐकिवात नाही. तरीही विषयासाठी महाराष्ट्र सोडून चेन्नईला जावे लागते, याला दोन कारणे आहेत. एक, देशातील अत्यंत उंच अशा लाकडी ध्वजकाठ्यांपैकी एक त्या शहरात उभी होती. दुसरे कारण भाषेचे आहे. तमिळमध्ये झेंड्याला ‘कोडि’ म्हणतात. वेलीलाही ‘कोडि’ म्हणतात. आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीला किंवा दांडीलाही ‘कोडि’च म्हणतात. देवळासमोरचा ध्वजस्तंभ म्हणजे ‘कोडिमरम्’, झेंड्याचे झाड. मराठी कानाला हा शब्द कोड्यासारखा वाटेल. पण ज्या भाषेने ध्वज आणि वाळत घातलेले लुगडे यांना एकाच शब्दात बसवले, तिने या विषयाचे मर्म आधीच ओळखलेले आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : कापडाला स्वतःचा ताठा नसतो, तो दुसऱ्याकडून घ्यावा लागतो.

मद्रास शहराचा जन्मच कापडातून झाला. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने समुद्रकाठची ती वाळूची पट्टी निवडली, ती तेथे चांगले बंदर होते म्हणून नव्हे. बंदर नव्हतेच. आसपासच्या गावांत सुती कापड चांगले आणि स्वस्त मिळत होते, हे खरे आकर्षण. पुढे किल्ल्याच्या उत्तरेला कापड धुणाऱ्या, शुभ्र करणाऱ्या कारागिरांची वस्ती झाली. ती आजही वॉशरमनपेट या नावाने ओळखली जाते. १७३४ साली विणकर व सूत कातणाऱ्यांसाठी चिंताद्रिपेट वसवले गेले. हे सारे शहर म्हणजे एका अर्थी धुतलेल्या, रंगवलेल्या, वाळत घातलेल्या कापडाचा विस्तार होता.

त्या शहरातील जुन्या घरांत छताच्या तुळयांना दोर बांधून आडवी दांडी टांगलेली असे. ती हाताला लागू नये इतकी उंच. सोवळ्याचे धूतवस्त्र दुसऱ्या एका काठीच्या टोकाने वर चढवायचे आणि वाळल्यावर तिनेच उतरवायचे, ही रीत कावेरीकाठच्या घरांत होती तशी कृष्णाकाठच्या घरांतही होती. तमिळ ब्राह्मण स्त्रियांचे मडिसार नऊ वारांचे आणि मराठी लुगडेही नऊ वारांचे. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर दक्षिणेत स्थिरावलेल्या कुटुंबांना, भाषा बदलली तरी, दांडी बदलावी लागली नाही. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. हे वस्त्र दुहेरी, चौपदरी करून टाकले तरी ओले असताना त्याचे वजन चांगलेच जाणवते, आणि घरात अशा पाच-सहा लुगड्यांना एका वेळी जागा हवी असते. मग दांडी लांब हवी. इथून खरी अडचण सुरू होते.

लांब दांडी म्हणजे आखूड दांडीची मोठी बहीण, असा समज असतो. तो चुकीचा आहे. दांडीवर कापड सारखे पसरलेले असेल, तर लांबी दुप्पट केल्यावर मधला बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. सहा फुटांची जी दांडी अर्धा सूत वाकते, तीच त्याच जाडीने बारा फुटांची केली तर आठ सूत, म्हणजे पुरा एक इंच वाकते. अठरा फुटांची केली तर पाच इंचांहून अधिक. मग सगळी लुगडी मध्यभागी घसरून गोळा होतात, एकमेकांना चिकटतात आणि आतल्या पदरांना कुबट वास येतो. चेन्नईच्या दमट हवेत, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात, हा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शाळेत ‘चौथा घात’ फळ्यावर शिकवला जातो; तो दांडीवर दिसतो हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कार्यानुभवाचा तास परीक्षेच्या तयारीसाठी घेऊन टाकण्याची जी सवय शाळांना लागली, तिची ही एक किंमत आहे.

बाक टाळण्यासाठी पहिला विचार सुचतो तो जाड लाकडाचा. जाडी दुप्पट केली की कपड्यांच्या भाराने येणारा बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो, हे खरे. पण दांडीचे स्वतःचे वजन चौपट होते, तुळई आणि कड्या यांच्यावरचा भार वाढतो, लाकडाचा खर्च चौपट होतो आणि जाड गोल दांडी कापडाची बरीच लांबी स्वतःच अडवते. जुन्या सुतारांनी हा मार्ग सहसा घेतला नाही. त्यांनी आधी विचार केला तो दांडी कुठे धरायची याचा.

दांडी दोन दोरांनी टांगायची असेल तर दोर अगदी टोकांना बांधू नयेत. लांबीचे नऊ भाग करावेत आणि प्रत्येक टोकापासून दोन भाग आत दोर बांधावा. अठरा फुटांच्या दांडीला टोकापासून चार फुटांवर. असे केले की टोकांचे वजन मधला भाग वर उचलून धरते आणि बाक टोकांना टांगलेल्या दांडीच्या जवळजवळ पन्नासाव्या हिश्श्यावर येतो. लाकूड तेच, दोर तेच, कापडही तेच. चार फूट इकडेतिकडे, एवढाच फरक. अट इतकीच की ओले कपडे दोन्ही बाजूंना सारखे पसरायला हवेत. एका टोकाला सगळी लुगडी आणि दुसरे टोक मोकळे, असे झाले तर दांडी तराजूसारखी कलंडते. लहान मुलांना हे फार आवडते, गृहिणींना नाही.

याहून लांब दांडीला मध्ये तिसरा आधार द्यावा लागतो, आणि बहुधा तेथेच दुसरी अडचण येते : एवढ्या लांबीचे सरळ लाकूड मिळत नाही. वेळू लांब मिळतो, हलका असतो, पोकळ असून ताठ असतो आणि पेरांमुळे दबत नाही. म्हणूनच गरिबाची दांडी वेळूची. चेन्नईच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे विपुल. एकोणिसाव्या शतकात रेल्वे इंजिनांच्या जळणासाठी तेथे त्यांची लागवड झाली, आणि आज मांडव व पराती त्याच सरळसोट वाशांच्या उभ्या राहतात. पण वेळू चिरतो, त्याच्या कुसळात रेशीम अडकते. सुरूचे लाकूड वाळताना पिळते आणि तडकते. गुळगुळीत, न वाकणारी, वर्षानुवर्षे टिकणारी दांडी हवी तर साग. आणि साग हवा तर सांधा आला.

सांध्याविषयी सामान्य माणसाची कल्पना अशी की दोन तुकडे टोकाला टोक लावून चिकटवावेत आणि वर पत्रा मारावा. लाकडाचे टोक म्हणजे हजारो बारीक नळ्यांची तोंडे. सरस त्यांत शोषला जातो आणि पकड राहत नाही. म्हणून दोन्ही तुकडे लांब तिरपे कापायचे, म्हणजे रेषा रेषेला लागून चिकटतात. तिरपी लांबी जाडीच्या किमान आठपट आणि शक्यतो बारापट असावी. दोन इंच जाडीच्या दांडीला सोळा ते चोवीस इंच. इतके लाकूड केवळ सांध्यात ‘वाया’ घालवायला मन धजत नाही, आणि नेमके तेथेच काम बिघडते.

सांधा कुठे यावा, हे त्याहून महत्त्वाचे. समजा, दांडी चोवीस फुटांची आहे आणि तिला दोन टोकांना व मध्ये अशा तीन कड्या आहेत. मन म्हणते, बारा-बारा फुटांचे दोन तुकडे घ्यावेत आणि मधल्या कडीवर सांधा आणावा, आधार आहेच. पण सारखा भार असलेल्या अखंड दांडीवर सर्वांत जास्त ताण पडतो तो त्या मधल्या आधारावरच. दांडी दोन आधारांच्या मध्ये खाली वाकते आणि मधल्या आधारावर उलट, पाठ काढून वाकते. या दोन वाकांच्या मध्ये एक जागा अशी येते की जिथे वाक ना इकडचा ना तिकडचा. ती जागा मधल्या कडीपासून गाळ्याच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे या दांडीत तीन फुटांवर असते. सांधा तेथे आणावा. म्हणजे एक तुकडा पंधरा फुटांचा, दुसरा नऊ फुटांचा, शिवाय तिरकस जोडासाठी लागणारी लांबी. सारखे तुकडे डोळ्यांना बरे दिसतात. दांडीला असमान तुकडे मानवतात.

मग घडाई. चौकोनी लाकूड थेट गोल करता येत नाही; आधी अष्टकोन, मग सोळा कोन, मग गोल. अष्टकोनासाठी जहाजाच्या काठ्या घडवणाऱ्यांचा एक सुरेख हिशेब आहे : बाजूचे चोवीस भाग करावेत आणि सात, दहा, सात अशा रेघा ओढाव्यात. मराठी सुताराला हे जणू आयतेच मिळाले आहे, कारण तीन इंच म्हणजे बरोबर चोवीस सूत. तीन इंची चौरसावर दोन्ही कडांपासून सात-सात सुतांवर रेघ मारली आणि त्या रेघांपर्यंत कोपरे रंध्याने उतरवले की अचूक अष्टकोन तयार. हा हिशेब वर्गमुळाच्या आकडेमोडीशी ताडून पाहावा. फरक केसाएवढाही निघत नाही. शेवटी पॉलिशपेपर मारून झाल्यावर जुन्या मलमलीचे फडके दांडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावे. जिथे ते अडेल तिथे उद्या रेशीम फाटेल. स्क्रू आणि कड्या पितळी असाव्यात. लोखंड ओले झाले की लाकडातील टॅनिनशी मिळून काळेनिळे डाग धरते आणि ते कापडावरून कधीही जात नाहीत.

या सगळ्या विद्येचे खरे घर मात्र माजघर नव्हे, समुद्र आहे. शीड म्हणजेही वाऱ्यावर टांगलेले कापडच. कोकणच्या गलबतांवर तिकोनी शीड ज्या लांब तिरप्या काठीला बांधतात तिला परबाण म्हणतात. अरबी समुद्रातील गलबतांची ही काठी पुष्कळदा दोन किंवा अधिक वाशांची असे; वासे एकमेकांवर चांगले लांबवर चढवून दोराने आवळलेले. खिळा नाही, सरस नाही. वारा आला की ती थोडी लवते, गाठी थोड्या सरकतात आणि काठी मोडत नाही. मद्रासच्या किनाऱ्यावर हेच तत्त्व नावांच्या बांधणीत होते. उसळत्या लाटांतून मालवाहू जहाजांपर्यंत जाणाऱ्या मसुला नावांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. खिळ्यांची नाव त्या लाटांत खिळखिळी होई. आणि कोळ्यांचे कट्टुमरम् म्हणजे शब्दशः ‘बांधलेले लाकूड’. इंग्रजीने तो शब्द जसाच्या तसा उचलला आणि जगभर नेला.

मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर उभी राहिलेली ध्वजकाठी याच समुद्राने दिली, असे सांगितले जाते. एलिहू येल हा १६८७ ते १६९२ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. अमेरिकेतील येल विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तोच. त्याच्या कारकिर्दीत ‘लॉयल ॲडव्हेंचर’ हे जहाज किनाऱ्याजवळ फुटले आणि त्याची सागवानी डोलकाठी किल्ल्यावर ध्वजासाठी उभारली गेली, अशी त्या काठीची परंपरेने आलेली कथा. मराठीत जहाजाच्या आणि ध्वजाच्या काठीला डोलकाठी हा एकच शब्द आहे, तो इथे किती चपखल बसतो! जाता जाता हेही नोंदवावे की याच येलच्या काळात, १६९० साली, कडलूरजवळचा किल्ला कंपनीने मराठ्यांकडून विकत घेतला. छत्रपती राजाराम महाराज तेव्हा जिंजीला होते. किल्ल्याबरोबर मिळणारा मुलूख कोणता, तर तोफेचा गोळा जिथवर पोहोचेल तिथवरचा. इंग्रजांनी अर्थातच लांब पल्ल्याची तोफ आणली.

ती डोलकाठी सुमारे दीडशे फूट उंच होती. आडव्या दांडीचा शत्रू वजन, तर उभ्या काठीचा शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि झेंडा जितका उंच, तितका तो बुंध्याला अधिक जोराने पिळतो. बंगालच्या उपसागराची वादळे ज्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, तेथे दीडशे फूट लाकूड उभे ठेवणे हे धाडसच. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वर्दा’ वादळाने चेन्नईतील हजारो झाडे एका दिवसात पाडली, यावरून त्या वाऱ्याची कल्पना यावी. अशा काठीला तीन गोष्टी वाचवतात. ती वर निमुळती होत जाते, म्हणजे जिथे ताण कमी तिथे लाकूडही कमी. तिला चहूबाजूंनी ताणाचे दोर असतात, अगदी सासनकाठीसारखे. फरक इतकाच की जोतिबावर दोर माणसे धरतात. आणि तिचा बुंधा सुका ठेवावा लागतो, कारण उभे लाकूड कुजते ते जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, जिथे ते आज ओले आणि उद्या कोरडे होत असते. उंच जहाजांच्या डोलकाठ्या खालची आणि वरची अशा भागांत करीत आणि दोन्ही भाग काही फूट एकमेकांना खेटून राहतील असे बांधीत, तेही याच हिशेबाने. तिरप्या सांध्याचे हे थोरले भावंड.

अशा काठीवर रात्रीच्या अंधारात चढायचे म्हणजे काय, हे लक्षात यावे म्हणून इतका तपशील. १९३० पासून सव्वीस जानेवारी हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जाऊ लागला होता. १९३२ सालच्या त्या दिवसाच्या आदल्या रात्री भाष्यम् नावाचा तरुण किल्ल्यात शिरला, स्वतः तयार केलेला तिरंगा घेऊन त्या काठीवर चढला आणि युनियन जॅकच्या जागी तो लावून खाली उतरला. सकाळी शहराने पाहिले तेव्हा सरकारच्या दक्षिणेतील मुख्य ठाण्यावर तिरंगा फडकत होता. अधिकाऱ्यांनी तो लगोलग उतरवला. काठी तीच, दोर तेच. दोन-तीन हात कापड बदलले आणि तेवढ्यासाठी एका माणसाने जीव पणाला लावला. हा भाष्यम् पुढे ‘आर्या’ या नावाने चित्रकार व शिल्पकार म्हणून प्रसिद्ध झाला. पागोटे बांधलेल्या, तेजस्वी डोळ्यांच्या सुब्रह्मण्य भारतींचे जे चित्र तमिळनाडूत सर्वत्र दिसते, ते त्याच्या हातचे.

पंधरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी, त्याच किल्ल्यावर तिरंगा चढला. या वेळी तो उतरवायला कोणी येणार नव्हते. तो झेंडा रेशमी आहे, सुमारे बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद, आणि १९४८ साली सुरू झालेल्या किल्ल्यातील संग्रहालयात तो जपून ठेवला आहे. जुन्या रेशमाला स्वतःचे वजनही पेलवत नाही. दोन टोकांना अडकवून टांगले तर ते त्या दोन बिंदूंतून फाटत जाते. म्हणून अशी वस्त्रे टांगायचीच असतील तर जगभरची संग्रहालये त्यांच्या पूर्ण रुंदीला मागून कापडी नेफा शिवतात आणि त्यातून दांडी ओवतात, म्हणजे प्रत्येक धाग्यावर सारखा भार येतो. दांडी लाकडाची असेल तर तिच्यावर लेप देऊन ती बंद करावी लागते. लाकडातून निघणारे आम्ल रेशमाला हळूहळू खाते.

किल्ल्यावरची लाकडी डोलकाठी १९९४ साली उतरवण्यात आली आणि तिच्या जागी पोलादी काठी आली. पोलादाला सांध्याचे भय नाही आणि वाळवीचेही नाही. वादळाच्या किनाऱ्यावर हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. झेंडा आजही तेथे फडकतो. किल्ल्याबाहेर पडून उत्तरेला जॉर्ज टाउनच्या अरुंद गल्ल्यांत शिरावे, तर दोन्ही बाजूंच्या सज्जांमधून आडव्या दांड्या पुढे आलेल्या असतात. काही वेळूच्या, काही सुरूच्या, एखादी सागाची, मध्यभागी किंचित वाकलेली. त्यांवरच्या ओल्या साड्या समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर फुगत असतात, आणि खालून जाणारी माणसे ठिबकणारे पाणी चुकवत चालतात.